फोनवर पडलेलं आरक्षण

नाशिकच्या आसपासच्या कुठल्याही शिवारात ‘डीपीत आरक्षण पडलंय’, म्हणजे विकास आराखड्यात एखादी जमीन सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलीय, एवढी कुणकुण लागू द्या. दोन दिवसांत भाग नकाशाच्या रंगीत प्रती फिरू लागतात. जो तो आपला गट नंबर शोधतो. झेरॉक्सच्या दुकानात हरकतीचा टाइप केलेला नमुना मिळायला लागतो: नाव, गट नंबर, क्षेत्र भरायचं, सातबारा जोडायचा, अर्ज आवक-जावकला द्यायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा. मुदत तीस दिवसांची, मग नियोजन समितीपुढे सुनावणी, हे इथे आठवी शिकलेल्या शेतकऱ्यालाही समजावून सांगावं लागत नाही. या शहराच्या विकास आराखड्याचा आधीचा मसुदा शेतकऱ्यांच्या विरोधापुढे टिकला नाही. नवा करावा लागला आणि तो २०१७ साली मंजूर झाला.

जमिनीच्या बाबतीत इतके जागे असणारे आपण फोनवर आरक्षण पडतं तेव्हा गाफील असतो. ओरड करत नाही असं नाही. करतो, पण मुदत टळून गेल्यावर.

२८ नोव्हेंबर २०२५ या एकाच तारखेचे दूरसंचार विभागाचे दोन निर्देश शेजारी ठेवून बघा. पहिला फोन बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना होता. भारतात विकायच्या प्रत्येक नव्या फोनमध्ये ९० दिवसांच्या आत ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप आधीपासून घातलेलं असावं, फोन पहिल्यांदा सुरू करताना ते दिसावं आणि त्याची कामं बंद किंवा मर्यादित केली जाऊ नयेत, अशी त्यात ताकीद होती. बातमी १ डिसेंबरला फुटली. २ तारखेला केंद्रीय मंत्री म्हणाले, नको असेल तर काढून टाका. ३ तारखेला सक्ती मागे घेतली गेली. तीन दिवसांत सरकार मागे हटलं, याचं श्रेय ओरड करणाऱ्यांना द्यायलाच हवं.

दुसरा निर्देश मेसेजिंग अ‍ॅपवाल्यांना होता. व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नल, अरट्टाई अशा अ‍ॅपचं खातं ज्या सिमवर उघडलं ते सिम त्या फोनमध्ये कायम असलंच पाहिजे, नसेल तर अ‍ॅप चालता कामा नये. आणि संगणकावरची आवृत्ती दर सहा तासांनी आपोआप लॉगआउट व्हावी. यासाठीही मुदत ९० दिवसांचीच. त्यावर मात्र पहिल्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही चर्चा झाली नाही, कारण ‘सिम-बाइंडिंग’ हा शब्द ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

उभं राहावं म्हणून पिंपळगावच्या एखाद्या कांदा व्यापाऱ्याच्या गाळ्यावर चला. मालकाचा फोन मालकाच्या खिशात, मालक लिलावात. गाळ्यावरच्या संगणकावर मालकाच्याच नंबरचं व्हॉट्सअ‍ॅप उघडं असतं. मुनीम त्यावरून ट्रकचे नंबर, वजनाच्या पावत्या, बाहेरच्या आडत्यांचे भाव पाठवत असतो. सकाळी नऊला क्यूआर स्कॅन केला तर दुपारी तीनला, ऐन गाड्या भरायच्या वेळी, पडदा कोरा. पुन्हा स्कॅन करायला मालकाचा फोन हवा. घरातही तेच. आजीचं सिम नव्या साध्या फोनमध्ये, आणि नातवंडांचे फोटो बघायला जुना स्मार्टफोन वायफायवर, ही व्यवस्था किती घरांत असते! ती नियमबाह्य ठरते, आणि आजीने गुन्हा काहीच केलेला नसतो.

सरकारची बाजू पोकळ नाही, हेही सांगायला हवं. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटली जाते, आणि भारतीय नंबरवर उघडलेली खाती परदेशात बसून, सिम फेकून दिल्यावरही चालवली जातात. सिम-बाइंडिंगने त्या वाटेवर अडथळा येईल. पण खोट्या कागदांवर काढलेली सिमकार्डं फोनमध्ये घालूनच बसलेल्या टोळ्यांना त्याने काहीही होत नाही, आणि पैसा ज्यातून वाहून जातो त्या भाड्याच्या बँक खात्यांना तर या निर्देशाचा स्पर्शही नाही. पैसे गेल्यावर १९३० या सायबर हेल्पलाइनला पहिल्या तासात फोन लागणं आणि बँकेने रक्कम तिथल्या तिथे गोठवणं, याने जेवढं वाचतं तेवढं आजीचं अ‍ॅप बंद करून वाचणार नाही. चोर एका गल्लीतून पळतो म्हणून सगळ्या वाड्यांचे दिंडी दरवाजे दर सहा तासांनी बंद करायचे, असा हा हिशेब आहे.

पण या लेखाचा मुद्दा सिम-बाइंडिंग चांगलं की वाईट हा नाहीच. मुद्दा असा की हे २८ नोव्हेंबरला आभाळातून पडलं नाही. दूरसंचार कायदा २०२३ च्या डिसेंबरात झाला. त्याखालचे सायबर सुरक्षा नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. त्या नियमांत दुरुस्ती करणारा मसुदा २४ जून २०२५ ला प्रसिद्ध झाला आणि त्यावर तीस दिवसांत हरकती मागवल्या गेल्या. ग्राहक ओळखण्यासाठी मोबाइल नंबर वापरणारी कोणतीही संस्था दूरसंचार खात्याच्या आवाक्यात आणायची, असं तो मसुदा म्हणत होता. दूरसंचार कंपनीच कशाला, किराणा पोचवणारं अ‍ॅपही त्यात येतं. ऑक्टोबरात तो अंतिम झाला. नोव्हेंबरात त्याच्या बळावर निर्देश निघाला. डिसेंबरात जे मेसेज आपण भराभर पुढे ढकलले, ते पत्र होऊन जुलैत दिल्लीला पोचायला हवे होते.

इथे यंत्रणा कशी चालते ते नीट समजून घ्यावं लागतं. कायदा संसदेत होतो. त्यावर निदान भाषणं होतात, पेपरात छापून येतं. कायद्यात बहुतेक महत्त्वाच्या जागी ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं असतं. ते विहित होतं नियमांत. आणि नियमांतही एक ओळ असते की सरकार वेळोवेळी निर्देश देऊ शकेल. बोच कमी दिसते ती कायद्यात, जास्त असते ती नियमात, आणि खरा काटा निर्देशात. पायरी जेवढी खालची तेवढी चर्चा कमी. कायद्याला सभागृह आहे. नियमांना काही ठिकाणी तरी पूर्वप्रसिद्धीची अट आहे, म्हणजे आधी मसुदा, मग हरकती, मग अंतिम. डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४० मध्ये ती आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८७ मध्ये ती अट नाही, म्हणून त्याखालचे नियम मसुद्याशिवायही येऊ शकतात. आणि निर्देशांना कुठेच काही नाही. सकाळी पत्र, संध्याकाळी लागू.

‘ट्रेसेबिलिटी’ची, म्हणजे एखाद्या गोष्टीचा उगम मागे जाऊन शोधता येण्याची, गोष्ट या दृष्टीने फार बोलकी आहे, आणि ती समजायला नाशिककरासारखा वाचक दुसरा नाही. इथल्या द्राक्ष बागायतदाराला हा शब्द इंग्रजी वाटतच नाही. निर्यातीसाठी बागेची नोंदणी, प्लॉटचा क्रमांक, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत, अपेडा या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर अहवाल, आणि मग पेटीवर असा संकेतांक की युरोपातल्या दुकानात एखाद्या घडात औषधाचा अंश सापडला तर थेट निफाड-दिंडोरीतल्या त्या प्लॉटपर्यंत मागे येता यावं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत ‘सीसीसी’च्या, अवशेषांवरून युरोपात माल अडकला तेव्हा या व्यवस्थेचं मोल सगळ्यांना कळलं.

आता माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ मधला नियम ४(२) वाचा. भारतात ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवेने, गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठी आदेश आल्यास, एखाद्या संदेशाचा ‘पहिला प्रवर्तक’ शोधून द्यावा. वाचायला रास्त वाटतं. पण द्राक्षाच्या बाबतीत काय करतो ते आठवा. कोणती पेटी नापास होणार हे आधी माहीत नसतं, म्हणून चिठ्ठी प्रत्येक पेटीवर लावावी लागते. संदेशांचंही तेच. गुन्हेगाराचा संदेश कोणता हे आधी कळत नाही, म्हणून शोध लागायचा तर प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशावर खूण ठेवायला हवी. टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असलेल्या संदेशाची चावी दोन फोनांतच असते, मधल्या कंपनीकडे नसते, आणि सगळी सुरक्षितता त्यातच असते. खुणा साठवायला लागलात की मधे कुठेतरी कोण कुणाला काय पाठवतो याचं एक रजिस्टर तयार होतं, आणि रजिस्टर आहे म्हटल्यावर ते चोरणारेही येतात. बागायतदार चिठ्ठी स्वखुशीने लावतो, कारण त्याला भाव मिळतो. आपल्याला काय मिळतं?

त्याच नियमात एक पोटतरतूद आहे, ती तर मुळातूनच वाचण्यासारखी. संदेशाचा मूळ प्रवर्तक देशाबाहेर असेल तर भारतातला पहिला पाठवणारा हाच ‘पहिला प्रवर्तक’ मानला जाईल. म्हणजे दुबईच्या मामाने व्हिडिओ पाठवला, सातपूरच्या भाच्याने तो न बघताच सोसायटीच्या ग्रुपवर ढकलला, तर कायद्याच्या नजरेत उगम सातपूर. या नियमाविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी, कूटबद्धता मोडायला लावली तर आम्ही इथून जाऊ, असं सांगितलं. कंपनीवर एवढा विश्वास टाकायचं कारण नाही. कुणी कुणाला किती वाजता मेसेज केला, हा हिशेब ती कंपनी स्वतः ठेवतेच. पण या एका मुद्द्यावर तिचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. युरोपीय संघात मे २०२२ पासून अशाच एका प्रस्तावावर, म्हणजे फोनमधले संदेश पाठवण्याआधीच तपासण्यावर, भांडण चालू आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जर्मनीने विरोध जाहीर केला आणि ठरलेलं मतदान पुढे गेलं. त्या विरोधामागे तिथल्या नागरिकांनी आपापल्या खासदारांना लिहिलेली पत्रं होती.

‘कोर्ट आहे ना’ असं आपल्याकडे फार लवकर म्हटलं जातं. कोर्ट आहे, आणि त्याने मोठं काम केलंय. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं आणि सरकारला त्यात शिरायचं तर कसोट्या घालून दिल्या: त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. पण वेळेचं गणित बघा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका साध्या प्रश्नावरून अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६अ कलमाचं नाव त्याने घराघरांत पोचलं, ते रद्द व्हायला २४ मार्च २०१५ उजाडला. सरकारविषयीची कोणती माहिती खोटी हे सरकारनेच ठरवावं, असा नियम एप्रिल २०२३ मध्ये आला. मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं, मग तिसऱ्या न्यायमूर्तींपुढे जाऊन तो सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. सतरा महिने. आणि दरवेळी निकाल आपल्या बाजूने लागतो असंही नाही: ऑनलाइन मजकूर काढायला लावणाऱ्या ‘सहयोग’ पोर्टलविरुद्धची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

याउलट मसुद्याच्या टप्प्यावर काय झालं ते पाहा. सप्टेंबर २०१५ मध्ये कूटबद्धता धोरणाचा मसुदा आला होता. कूटबद्ध केलेल्या संदेशांचा साधा मजकूर ९० दिवस जपून ठेवायचा आणि मागितला की दाखवायचा, अशी अट त्यात होती. गदारोळ झाला आणि मसुदा लगेच मागे घेतला गेला. त्याच वर्षी नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेटवर कुणालाही झुकतं माप न देण्यावर, दूरसंचार नियामक ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. ऑनलाइन बोलणाऱ्यांनाही वेसण घालू पाहणारं प्रसारण विधेयक ऑगस्ट २०२४ मध्ये गुंडाळून ठेवावं लागलं.

हरकत घेतली की काम झालंच, असं मात्र नाही. महाराष्ट्राच्या विशेष जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये ते मोजक्या बदलांसह मंजूर झालं. डेटा संरक्षण नियमांच्या मसुद्यावर देशभरातून आलेल्या सूचनांचा सरकारी आकडा ६,९१५ आहे. एकशे चाळीस कोटींच्या देशात! त्यातही सूचना गोपनीय ठेवल्या गेल्या. कुणी काय म्हटलं आणि ते का मानलं किंवा का मानलं नाही, हे कळायला मार्ग नाही. आणि १४ नोव्हेंबर २०२५ ला जे अंतिम नियम हाती पडले त्यात नियम ८(३) होता: माहिती गोळा करणाऱ्याने ती माहिती, रहदारीचा तपशील आणि नोंदी, सरकारला लागल्या तर म्हणून, किमान एक वर्ष ठेवाव्यात. जानेवारीच्या मसुद्यात हा उपनियम या रूपात नव्हता. माहितीचं काम संपलं की ती पुसा, हा ज्या कायद्याचा गाभा, त्याच्याच नियमांनी पुसायला बंदी घातली. विकास आराखड्यात असं झालं असतं तर? मंजुरीच्या वेळी महत्त्वाचा बदल घुसवला तर तो भाग ‘ईपी’ म्हणून वेगळा काढावा लागतो आणि त्यावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. जमिनीच्या एका पट्ट्याला जी सोय आहे ती अख्ख्या देशाच्या माहितीला नाही.

डेटा संरक्षण कायद्याने दुसऱ्या बाजूने काय काढून घेतलं, ते खेड्यापाड्यात जास्त जाणवेल. त्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्याचं ८(१)(ञ) बदललं. आधी व्यक्तिगत माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा उघड केल्याने विनाकारण खासगीपणावर आक्रमण होतं, हे दाखवावं लागे. शिवाय जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं त्यात परंतुक होतं. आता नुसतं ‘व्यक्तिगत माहितीशी संबंधित’ असलं की पुरे. अतिवृष्टीचं अनुदान गावात कुणाकुणाला मिळालं, घरकुलाच्या यादीत कोण बसलं, हे विचारलं की हा दगड फेकून मारता येतो. तोडगा आहे: कलम ८(२) शिल्लक आहे, त्यात व्यापक जनहित मोठं असेल तर माहिती द्यावी असं म्हटलंय. अर्जातच एक परिच्छेद लिहून जनहित काय ते सांगावं, अपिलासाठी राखून ठेवू नये.

आणि हे सगळं खासगीपणाच्या नावाखाली! सरकारसाठी त्याच कायद्यात कलम १७(२)(अ) आहे: राज्याच्या ज्या यंत्रणेचं नाव अधिसूचित होईल तिला कायदाच लागू नाही. नागरिक काचेचा आणि कचेरी दगडी. गोपनीयतेला विरोध करणारे ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे’ म्हणतात, त्यांनी आपला सातबारा आठवावा. तो कुणालाही पाहता येतो, आणि ते चांगलंच आहे, कारण जमिनीचे व्यवहार उघड्यावर व्हायला हवेत. म्हणून कुणी आपल्या घरातली पत्रं तलाठी कार्यालयात फळ्यावर लावत नाही.

संमतीचं काय होतं तेही एकदा सेतू किंवा सीएससी केंद्रावर उभं राहून बघावं. शेतकरी ओळख क्रमांक काढायला आलेला माणूस आधार देतो, सातबाऱ्याचे गट जोडले जातात, मोबाइलवर ओटीपी येतो, केंद्रचालक म्हणतो, ‘काका, आकडे सांगा.’ काका सांगतात. पडद्यावर संमतीचा चौकोन असतो, त्यावर टिचकी केंद्रचालकच मारतो. लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीलाही हेच. योजना नको असं कुणी म्हणत नाही. पण एकीकडे ओटीपी कुणालाही सांगू नका अशा जाहिराती करायच्या आणि दुसरीकडे सगळ्या गावाला ओटीपी सांगायची सवय लावायची, याचं फळ सायबर पोलिसांच्या दारात दिसतं. फसवणारा फोनवर वेगळं काय म्हणतो? ‘काका, आकडे सांगा.’

आता घराजवळचा विषय. सिंहस्थ तोंडावर आहे आणि गर्दी हाताळण्यासाठी कॅमेरे, कृत्रिम बुद्धिमत्ता यांची तयारी चालू आहे. गर्दीवर नजर ठेवायला विरोध करणं इथे तरी शक्य नाही. २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडच्या चिंचोळ्या उतारावर चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, हे शहर विसरलेलं नाही. पण कॅमेरा दोन वेगवेगळी कामं करतो, आणि निविदेत ती एकाच ओळीत लिहिलेली असतात. एक, माथी मोजणं: या गल्लीत एका चौरस मीटरमध्ये किती माणसं आहेत, प्रवाह थांबलाय का, उलटा फिरलाय का. याला चेहरा लागत नाही. चित्र धूसर असलं तरी चालतं. चेंगराचेंगरी याने टळते. दुसरं, चेहरे ओळखणं: हा माणूस कोण, तो यादीत आहे का. याने एकही माणूस चेंगरण्यापासून वाचत नाही.

दुसऱ्याचं गणित करून बघू. समजा यंत्रणा हजारात एकदाच चुकते, म्हणजे फारच चांगली आहे. एका पर्वणीला तिच्यापुढून पन्नास लाख चेहरे गेले तर पाच हजार निरपराध माणसांवर खोटी खूण पडेल. खरोखर हवे असलेले समजा पन्नास जण आले आणि सगळे सापडले, तरी पोलिसांच्या पडद्यावरच्या दर शंभर इशाऱ्यांतले नव्व्याण्णव चुकीचे. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार ते ८० टक्के साधर्म्यालाच जुळणी धरतात. म्हणजे हजारात एक ही आपली कल्पना उदारच आहे. भस्म, जटा, पावसात भिजलेलं कपाळ, डोक्यावर पदर – गोदाघाटावर तर चुकीला जागा आणखी. आणि चेहरा ओळखण्यासाठी या देशात आजही स्वतंत्र कायदा नाही, म्हणजे नऊ न्यायमूर्तींची पहिलीच कसोटी रिकामी.

इथे माहिती अधिकारात ‘सुरक्षेची माहिती’ मागितली तर नकार ठरलेला. त्यापेक्षा निविदा मागावी. बहुतेकदा ती महाटेंडर्स या सरकारी निविदांच्या संकेतस्थळावर आधीच असते. त्यात चार गोष्टी शोधायच्या: चेहरा ओळखण्याचं मॉड्यूल सुरुवातीपासून आहे की ‘पर्यायी’, चित्रण किती दिवस ठेवायचं आणि आपोआप पुसलं जातं का, ठेकेदाराच्या माणसांना कोणत्या पातळीपर्यंत प्रवेश आहे, आणि यादी कुठून येते. पासवर्ड कोण बदलतं हे पाचवं. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं चित्रण बाजारात विकलं गेलं तेव्हा कॅमेऱ्याला कारखान्यातून आलेला पासवर्डच होता, अशी माहिती पुढे आली.

हरकत कशी लिहायची, यावर थोडं सविस्तर. मसुदा ई-गॅझेटवर असाधारण राजपत्रात, भाग दोन, विभाग तीन, उपविभाग (एक) मध्ये सापडतो, त्यावर सा.का.नि. क्रमांक असतो, तो पत्रात पहिल्या ओळीत घालावा. मुदत कुठून मोजायची ते मसुद्यातच लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा राजपत्राची प्रत लोकांना उपलब्ध झाल्या तारखेपासून. एका पत्रात एक किंवा दोनच नियम घ्यावेत. ‘हे लोकशाहीविरोधी आहे’ अशी पत्रं एकाच गठ्ठ्यात जातात आणि ‘सर्वसाधारण स्वरूपाच्या प्रतिक्रिया’ या शीर्षकाखाली संपतात. ग्रुपवरचा तयार मजकूर शेकडो लोकांनी जसाच्या तसा पाठवला तर तो एकच हरकत म्हणून मोजला जाण्याची भीती असते. निदान उदाहरण तरी आपलं घालावं. म्हणजे साधारण असं:

‘प्रस्तावित उपनियम अमुक नुसार संगणकावरील सत्र दर सहा तासांनी बंद करावयाचे आहे. आमच्या बाजार समितीत लिलाव सकाळी व दुपारी अशा दोन सत्रांत होतात व एक फोन अनेक कर्मचारी संगणकाद्वारे वापरतात. या अटीने फसवणूक कशी रोखली जाईल याचा खुलासा टिपणीत नाही. याऐवजी नव्या उपकरणावर प्रथम लॉगइन होताना मालकाच्या फोनवर मंजुरी घेणे पुरेसे आहे. सबब “सहा तासांनी” हे शब्द वगळावेत.’

यात नियम आहे, तो आपल्याला कसा लागतो ते आहे, पर्याय आहे, आणि नेमके कोणते शब्द काढायचे ते आहे. मंत्रालयातल्या ज्या अवर सचिवाच्या टेबलावर हे जातं त्याला तक्ता भरायचा असतो: नियम क्रमांक, हरकत, सुचवलेला बदल. त्याचा तक्ता आपणच भरून द्यावा.

मराठीत लिहिलं तर चालतं का, हा प्रश्न हमखास येतो. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० सांगतो की गाऱ्हाण्याचं निवेदन संघराज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे देशात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करता येतं. पत्राच्या शेवटी त्या अनुच्छेदाचा उल्लेख करावा. तरीही खरा अन्याय दुसरीकडे आहे. डेटा संरक्षण कायदा कंपन्यांना बजावतो की संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत मिळायची सोय ठेवा. आणि त्याच कायद्याच्या नियमांचा मसुदा राजपत्रात हिंदी-इंग्रजीत येतो. पर्यावरण आघात अधिसूचनेच्या २०२० च्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी सगळ्या अनुसूचित भाषांत भाषांतर करायला सांगितलं होतं, म्हणजे हे अशक्य नाही. केंद्र सरकारचंच २०१४ सालचं विधिपूर्व सल्लामसलत धोरण सांगतं की मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा, सोबत सोप्या भाषेतली टिपणी द्यावी आणि आलेल्या प्रतिक्रियांचा सारांश संकेतस्थळावर टाकावा. तेव्हा प्रत्येक हरकतीत दोन वाक्यं कायमची घालावीत: मसुदा मराठीत द्या आणि मुदत त्या दिवसापासून मोजा, आणि निर्देश काढतानाही हीच पद्धत पाळा. ईमेल पाठवलाच, तरी एक प्रत स्पीड पोस्टाने पोचपावतीसह जावी. पुढे कुणी याचिका केली आणि सरकारने ‘कुणाची हरकतच नव्हती’ म्हटलं, तर ती पोचपावती कामाला येते.

सिंहस्थाच्या बाबतीत मात्र मसुदा निघायची वाट बघत बसायची गरज नाही. तिथे मसुदा म्हणजे निविदाच, आणि निविदापूर्व बैठकीतल्या शंका-उत्तरांचं शुद्धिपत्रकही तिच्याबरोबर असतं. त्यात देखभाल-दुरुस्तीचा कालावधी किती वर्षांचा लिहिलाय ते आधी बघा. मेळा संपल्यानंतरही तो चालू राहणार असेल, तर ते कॅमेरे कुंभासाठी नाहीत, आणि हरकत आत्ताच महापालिकेच्या आवक-जावकला द्यायची आहे.